केळीचा डाग शोधत येणारी माणसं

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडचा फोन तारेचा होता आणि त्यालाही कुलूप असायचं. म्हणून आधी एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं काही तुम्हाला कळणार नाही. हल्ली माणसं आपलं लिहिलेलं स्वतःच फोनवर लावून ठेवतात. मधे वर्तमानपत्र नाही, संपादक नाही, छापखाना नाही. लिहायचं आणि टांगायचं. त्याला ब्लॉग म्हणतात. ज्याला हवं तो शोधत येतो आणि वाचून जातो. थोडक्यात, पाटीच. तर अप्पा, मी एक पाटी लावली आहे. एकदा तुम्ही माझ्याकडची पाटी काढून घेतली होतीत, तरीही.

ती पाटी तुम्हाला आठवत असेल. मी सातवीत होते, होळी जवळ आलेली. अंगणातल्या मांडवावर सोललेली राजेळी केळी दिवसभर वाळली आहेत, आणि आई ती उचलून सुक्या पानांखाली टोपल्यांत निजवते आहे. रोज उन्हात पसरायची, रोज संध्याकाळी निजवायची, असं करत करत ती मधाच्या रंगाची होतात आणि मग त्यांना सुकेळी म्हणतात. मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर काडीनं लाल शाईत लिहिलं आहे, ‘येथे उत्तम सुकेळी मिळतील’, आणि केळीच्या सोपटाच्या दोरीनं तो फाटकाला बांधला आहे. तुम्ही बाजारातून सायकलवर येता. मागच्या टोपल्या रिकाम्या. उतरता, पुठ्ठा वाचता. मी शाबासकीची वाट बघत उभी.

“कोन बोललं तुला हे लावायला?”

“कोणी नाही. लोकांना कळायला नको?”

“ज्याला ठाव हाय तो येतो. एकदा पाटी लावली का रोज मिळाली पायजेत. कोनी तळ्यापासनं उन्हातनं चालत आला नि आपल्याकडं नसली, तर? दारातनं मानूस परत पाठवायचा नाय.”

आई मांडवाखालून म्हणाली, “पाटी कशाला लागते? तुमच्या सदऱ्याकडं बघितलं का कळतं इथं काय पिकतं ते.”

केळीच्या चिकाचे ते तपकिरी डाग. तुमचा एकही सदरा त्यांच्यातून सुटला नव्हता. आईनं लिंबू लावून पाहिलं होतं, राख, रॉकेल, सगळं. तुम्ही मात्र दर वेळी तेच म्हणायचात, “केळ हाय तवर डाग हाय. केळ गेली का डाग जाईल.” आणि आई म्हणायची, “मग काय, सदरे राहूदेत असेच.”

पुढे माझं सगळं आयुष्य पाट्या लावण्यात गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत मथळे देणं हेच माझं काम होतं. पान छपाईला किती वाजता सोडायचं ते ठरलेलं असायचं आणि मी ते सोडायची. एकदा तुम्ही मला न कळवता ऑफिसात आलात. आईनं इस्त्री करून दिलेला ठेवणीतला सदरा, आणि तरी डाव्या बाहीवर एक डाग होताच. खालच्या पहारेकऱ्यानं तुम्हाला विचारलं, “केळीवाले काय?” तो रत्नागिरीकडचा. तुम्ही खूश झालात. वर आल्यावर मला पहिलं वाक्य तेच सांगितलंत, “मला ओळखलं त्यानं.” जाताना सुकेळीची जुडी दिलीत, पानात बांधलेली. मी ती खणात ठेवली आणि पानाच्या कामाला लागले. दुपारपर्यंत डेस्कवरची सगळी माणसं माझ्या टेबलाभोवती. कुणालाही सांगितलं नव्हतं. वासावर आली.

आता मी आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आपली निर्मळची वाडी तुमचा धाकटा बघतो, तुम्ही बघायचात तशीच, म्हणजे सकाळी उठून पहिलं तिथेच जाऊन उभा राहतो. मागच्या वर्षी गणपतीत जेवणं झाल्यावर तो म्हणाला की मागचा तुकडा, राजेळीचा, काढायचा विचार आहे. लग्नाचे हॉल करणारा एकजण लॉनसाठी मागतो आहे. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, “ताई, तू फ्लॅटातनं बोलू नको. विहिरीचं पानी मचूळ झालंय. राजेळी घड द्यायला वर्षाच्या वर घेते. तो उतरवायला मानूस मिळत नाय, मिळाला तर वाळवायला बाई मिळत नाय. आनि एवढं करून घेनार कोन? जुनी गिऱ्हाइकं सगळी वर गेली. अप्पांकडं जाऊन खात असतील.”

हसलो आम्ही. पण त्याचं खरं होतं. तुमच्याकडे येणाऱ्यांना ठाऊक होतं म्हणून ते येत होते. ते गेले आणि ठाऊक असणंही त्यांच्याबरोबर गेलं. मी म्हटलं, एक हंगाम दे. गिऱ्हाईक मी आणते.

“तू? तू तर पेपरात मथळे द्यायचीस.”

“तेच करणार आहे.”

त्यानं मान्य केलं. होळीपर्यंत उठाव दिसला तर बुंध्याशी फुटलेले नवे मुनवे लावीन, म्हणाला. नाही तर पावसाच्या आधी तुकडा मोकळा. मला ते बरं वाटलं. वेळ ठरलेली असली की मला काम सुचतं.

दसऱ्याला ब्लॉग सुरू केला. दर सोमवारी एक लेख, एकदाही चुकले नाही. मांडवावर लिहिलं, पिकवायच्या खोलीतल्या धुराबद्दल लिहिलं, आईच्या निजवण्याबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं, अप्पा. हे मी माझं म्हणून सांगत नाही. दुसऱ्या कुणी असं लिहून आणलं असतं तर मी ते पुरवणीच्या पहिल्या पानावर घेतलं असतं. वाचायला कोणी आलं नाही. धाकट्यानं वाचलं, मावसबहिणीनं वाचलं, आणि ऑफिसातल्या दोघींनी अंगठे पाठवले.

संक्रांतीला धाकट्याची मुलगी तिळगूळ घेऊन आली. ती मालाडला नोकरी करते. लोकांची दुकानं फोनवर शोधणाऱ्याला आधी दिसावीत, हेच तिच्या कंपनीचं काम. तिनं माझे लेख उघडले आणि एका मथळ्यावर बोट ठेवलं.

“आत्या, ‘उन्हाच्या कुशीत निजलेला गोडवा’. हे कोण टाइप करणार आहे?”

“मथळा आहे तो.”

“मस्त आहे गं. पण सर्च कोण करेल असं? रात्री अकरा वाजता एखाद्याला वाटतं, चला, आपण उन्हाच्या कुशीत काय निजलंय ते बघू?”

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. तिनं समजावलं. माणूस प्रश्न घेऊन येतो. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत मथळ्यात पाहिजे. उत्तर पहिल्या चार ओळींत. फोटो मोठे. एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे वाट. “आणि धीर धर. वर यायला महिने लागतात, आत्या. आज लावलं नि उद्या दिसलं, असं नसतं.” मी म्हटलं, होळीपर्यंत दिसलं पाहिजे. तिनं फोनमध्ये होळी कधी आहे ते बघितलं. तिला वडिलांचं ठरलेलं ठाऊक होतं.

मग मी तिच्या पद्धतीनं लिहिलं. सुकेळी म्हणजे काय. सुकेळी कशी टिकवायची. रोज केळं खाल्लं तर वजन वाढतं का. यातलं शेवटचं लिहिताना मला तुमच्यासमोर उभं असल्यासारखं वाटलं. तुम्हाला कुणी असं विचारलं असतं तर तुम्ही त्याच्या पोटाकडे बघून त्याला खुर्ची दिली असतीत. आणि एका सोमवारी दुसरं काही सुचेना म्हणून तुमच्या सदऱ्यांवर लिहिलं. मथळा भाचीनं दिला, ‘केळीचा डाग कसा काढावा?’

त्यावर माणसं यायला लागली. आधी थोडी, मग रोज. कोण येतं ते मला फोन येऊ लागल्यावर कळलं, कारण प्रत्येक लेखाखाली मी एक ओळ ठेवली होती की सुकेळी हवी असल्यास या क्रमांकावर कळवा. पहिला फोन नाशिकहून. “ताई, घरी सत्यनारायण होता. चौरंगाला केळीचे खांब बांधताना सुनेच्या शालूला चीक लागला. नवा शालू हो. तुम्ही डागाचं लिहिलंय, पण शेवटी लिहिलंय निघत नाही. खरंच निघत नाही?”

“लगेच धुतला तर फिका होतो. निघत नाही.”

“मग लिहिलंत कशाला?”

भाचीचंही म्हणणं तेच होतं, थोड्या वेगळ्या भाषेत. “लोक येतात नि लगेच पळतात, आत्या. काहीतरी उपाय टाक. थांबले तर खाली सुकेळीपर्यंत पोचतील.” धाकटा म्हणाला, “लिही ना लिंबू-मीठ. गेला तर गेला, नाय गेला तर कोन येतंय भांडायला?” मी वाडीतून चीक आणून माझ्या एका जुन्या ब्लाउजला लावला आणि आईनं केलं होतं ते सगळं करून बघितलं, शिवाय आता मिळतात त्या पावडरीही. डाग फिका झाला. गेला नाही. तसंच लिहिलं.

होळी आली. मांडवावरचा माल तयार होता आणि विचारणा करणारे हाताच्या बोटांवर. धाकट्यानं मी न मागता मे महिन्यापर्यंत वाट बघितली, हे मी तुम्हाला सांगायलाच हवं. त्याच्यावर रागावू नका. उरलेली सुकेळी आम्ही नातेवाइकांत वाटली. सगळे म्हणाले, वा, किती वर्षांनी. मग एक दिवस त्याचा फोन आला, “ताई, उद्या काढतोय. येतेस का?” मी गेले. राजेळी तोडायला फार जोर लागत नाही. कोयत्याच्या एका घावात खोड आडवं होतं आणि आतून पाणी वाहतं. धाकटा स्वतः तोडत होता, माणसं असूनही. माझ्याकडे न बघता म्हणाला, “मचूळ पान्यावरपन बघ कशी वाढलीत साली.” मी फाटकाशी उभी होते. मला काही करता येण्यासारखं नव्हतं. मुदत मीच मागितली होती.

आणि श्रावण लागला, अप्पा. हे मला कसं सुचलं नाही? आपण सगळी केळीतलीच, तरी सुचलं नाही. श्रावणात घरोघरी पूजा, घरोघरी केळीचे खांब, घरोघरी शालू आणि सोवळी. केळीचा डाग शोधायचा महिना तो, आणि सुकेळी व्हायची थंडी सरल्यावर. पाटी तोवर भाची म्हणाली होती तशी वर आलेली होती, अगदी पहिली. रोज इतकी माणसं येऊ लागली की भाचीनं मला फोन करून ओरडून सांगितलं, आणि मग मधेच तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, “सॉरी, आत्या.” लेख तोच, निघत नाही म्हणणारा. पण आता माणसं थांबत होती. का, ते मला माहीत नाही. डागाचं वाचून, मग तुमच्या सदऱ्यांचं वाचून, मग आईच्या टोपल्यांपर्यंत जात होती, आणि खालच्या ओळीवरून फोन करत होती. कोल्हापूरहून, डोंबिवलीहून. “मूळची आगाशीची मी. लहानपणी खाल्लीत हो. आता कुठे मिळतच नाहीत. तुमच्याकडे आहेत ना?”

मागच्या तुकड्यावर आता हिरवळ पसरली आहे. तुळशीचं लग्न झालं की तिथे पहिलं लग्न लागेल. राजेळी तोडताना धाकट्यानं घातलेला शर्ट त्याच्या बायकोनं मला दाखवला. केळ गेली की डाग जाईल म्हणायचात ना तुम्ही. नाही गेला. तिनं विचारलं, “तुम्ही त्याच्यावर लिहिलंय म्हणे, काय लावू?” मी म्हटलं, राहूदे असाच.

हे मी ब्लॉगच्याच मसुद्यांत लिहिते आहे, कारण आता लिहायला दुसरी जागा हाताला येत नाही. वर मथळ्याची चौकट रिकामी आहे. हे कुठल्या शब्दांनी कोण शोधेल ते मला सांगता येणार नाही, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्याकडे फोन नाही. मसुद्यातच राहील. भाचीनं दोनदा सांगितलंय, “ती खालची ओळ काढून टाक, आत्या. उगाच लोक विचारत बसतात.” बोट लावलं की जाईल. मी काढलेली नाही. फोन येतात आणि दारातनं माणूस परत पाठवायचा नाही म्हणून मी सांगते की या वर्षीची संपली. काल कोल्हापूरच्या बाईंनी विचारलं, मग पुढच्या वर्षी कधी फोन करू? मी म्हटलं, होळीच्या थोडं आधी करा.