पुतळ्याचे कान

दि. ११ जुलै २०२५, शुक्रवार
दुपारचे ३ वाजून २० मिनिटे
ताडकळस, गायरान

तीर्थरूप आईस,

सुरजचा नमस्कार. मेंढ्या बाभळीखाली बसल्या आहेत. मोजल्या, ऐंशी भरल्या. एक लंगडत होती, तिच्या खुराला औषध लावलं, हात धुतले आणि मगच वही उघडली. आजीचे गुडघे धरतात, बाकी ती बरी आहे. तुमच्याकडेही सगळे बरे असतील. 'आई' एवढं लिहायला दोन कागद फाडले, म्हणून उशीर.

तुमच्या कानावर आलं असेल, येत्या पंधरा ऑगस्टला इथे चौकात पप्पांचा अर्धपुतळा बसतोय. पप्पा कारगिलच्या लढाईत गेले त्याला सव्वीस वर्षं झाली, गावाला आत्ता जाग आली. व्यंकटराव समितीचे अध्यक्ष आहेत. अक्षर चांगलं म्हणून सगळे अर्ज मी लिहितो, पण बैठकीत मला कुणी बस म्हणत नाही. पाटीवर पप्पांचं नाव एका ओळीत आणि समितीची नावं अकरा ओळींत. मी म्हणालो, शौर्यपदक कशासाठी मिळालं ते तरी लिहा. स्वतःला गोळी लागलेली असून दोन जवानांना खाली आणलं आणि तिसऱ्यासाठी पुन्हा वर गेले, एवढंच.

व्यंकटराव म्हणाले, "जागा न्हाई रे पाटीवर. आन् कॅप्टनचं पोरगं असून धावीत लटकलं, तू काय शिकवायलास आमाला?"

सगळे हसले. मी अर्ज फायलीला लावला आणि उठून आलो.

हे सांगण्यासाठी पत्र लिहीत नाही.

पप्पांचा वर्दीतला फोटो तुमच्या पेटीत आहे. आमच्याकडे फक्त लग्नातला, त्यात मुंडावळ्यांनी निम्मं तोंड झाकलेलं. म्हणून मार्चमध्ये समितीने मला तुमच्याकडे पाथरीला पाठवलं. परत येऊन मी सांगितलं की तुम्ही फोटो दिला नाही. "माझा आता काही संबंध नाही" असं म्हणालात, हेही सांगितलं.

तुम्ही असं काही म्हणाला नाहीत. मी विचारलंच नाही.

मी तुमच्या दुकानासमोर रसवंतीच्या सावलीत तासभर उभा होतो. तुम्ही एका मुलीची वेणी घालत होता. ती तुमची मुलगी असेल, म्हणजे माझी बहीण. तुम्ही काहीतरी बोललात आणि ती खुदकन हसली. मग मी धीर करून गल्ल्यापाशी आलो. तुम्ही वर बघून विचारलंत, "काय पाहिजे, दादा?"

मी काडेपेटी मागितली. तुम्ही दिलीत.

तुमचा दोष नाही. मी साडेतीन वर्षांचा असताना आजीने मला ठेवून घेतलं आणि तुम्हाला एकटीला जायला लावलं. नंतर एकदा तुम्ही शाळेत भेटायला आला होतात, तेव्हा मी संडासात लपलो होतो. शिवाय त्या दिवशी ऊन होतं, मी डोक्याला रुमाल बांधला होता, कान झाकून. हे सगळं मला कळतं. तरी बसमध्ये राग आला आणि त्या रागात मी खोटं बोललो. त्यानंतर गावात लोक तुम्हाला काय काय बोलले ते लिहीत नाही. मी ऐकत राहिलो, एवढं लिहितो.

परभणीचे मूर्तिकार सिद्धोधन म्हणाले, "फोटो न्हाई तर न्हाई, पोरगं तर हाय. तूच बस." आठ दिवस मी स्टुलावर बसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतका वेळ माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. मातीत माझं तोंड उमटत गेलं, वर पप्पांची टोपी.

परवा समितीने आजीला मातीचा पुतळा दाखवायला परभणीला नेलं. आजीने पदर खोचला, पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि कानाला हात लावला.

"ह्यो माजा भागवत न्हाई."

"मावशे, वय झालं तुजं," व्यंकटराव म्हणाले. "लय दिवस झाले बघून."

"ऐंशी मेंढरं हायेत माज्यापाशी. एकेकीचं तोंड वळखते मी. लेकाचं न्हाई वळखायची? त्याचे कान मोठे, भाईर आलेले. हे बारके, चिकटलेले कान शालूचे हायेत."

सिद्धोधन गालातल्या गालात हसले.  तुमचं नाव पाटीवर घ्यायचं नाही असं समितीने ठरवलंय, आणि तुमचेच कान पप्पांच्या पुतळ्याला लागलेत.

येताना जीपमध्ये आजी माझ्याशेजारी बसली. पूर्णा फाट्याच्या पुढे हळूच म्हणाली, "शालू न्हाई म्हनली, का तू गेलाच न्हाईस?"

मी सगळं सांगितलं. काडेपेटीचंही. ती मारेल असं वाटलं होतं. घर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "परत जा. आन् रुमाल सोडून जा."

सिद्धोधन सोमवारी, २१ तारखेला साचा घेणार आहेत. माती ओली आहे तोवर तोंड बदलता येईल, नंतर नाही. व्यंकटरावांना मी काल लेखी दिलं की तुम्ही नकार दिलाच नव्हता, मी खोटं बोललो. त्यांनी वाचलं आणि मला समितीच्या कामातून काढलं. चालेल.

मी शनिवारी, १९ तारखेला दुपारी एकपर्यंत दुकानावर येतो. फोटो द्यायचा नसेल तरी माझी तक्रार नाही. फक्त या वेळी काय पाहिजे ते मी नीट सांगेन. तू ओळखशील. डोक्याला रुमाल नसेल.

तुझा मुलगा,
सुरज