मी उभा केलेला गोल्फचा फंड

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून हर्षाली लिहिणार. मला अक्षर येत नाही, पण त्यावाचून अडलंय कुठे? हिला सगळी येतात, तरी हिला कोण विचारतं? लिही गं, तोंड काय बघतेस.
नात तेजल, वय बारा, मैदानावर गोल्फ शिकते. नऊ पोरं, एक अमोल सर. सर सांगायला आले, मार्चपासून कॅम्प बंद. काठ्या, प्रवास, कशालाच पैसा नाही. बोलताना रडवेले झाले. मी म्हटलं, रडू नका सर, चेहरा आधीच बेताचा आहे. फंड मी उभा करते. सरांनी कपाळाला हात लावला. भारावले.
तेजलला पुण्याच्या स्पर्धेत खेळायचंय. दुसरं काही सुचत नाही पोरीला. झोपेतही हात फिरवते.

१४ जानेवारी, संक्रांत
सण गोड बोलण्याचा, म्हणून सुरुवात शेजारच्या ढोकणेबाईंपासून. म्हटलं, नवऱ्याने प्रेसमध्ये जन्मभर नोटा छापल्या, तुमच्या हातून एक सुटत नाही. मुलाच्या कोचिंगवर पैसे घातलेत, तो घरी बसून पापड खातोय. थोडे या पोरांवर घाला, निदान चेंडू तरी पुढे जाईल. बाईंना हसू आवरेना. तोंडाला पदर लावून आत गेल्या. दार धाडकन लागलं. आज वारा फार.

१७ जानेवारी, शनिवार
विंचूरला गेले. चुलतभाऊ मल्हारी कांद्याचा व्यापारी. बंगला दुमजली, गाड्या दोन, बायको एकच आणि तीही माहेरी. हेच त्याला म्हटलं, जरा हलकंफुलकं. विचार करतो अक्का, म्हणाला. म्हणजे दिलेच. हर्षाली, 'मिळाले' असं लिही. चहा आला नाही. घरात बाई नसल्यावर असंच.

२० जानेवारी, मंगळवार
मल्हारी फोन उचलत नाही. कामाचा माणूस.
मी जिन्यात दिसले की सोसायटीतले लोक लिफ्टपाशी जाऊन उभे राहतात. लिफ्ट बंद असली तरी. माझ्यामुळे शिस्त आली.
अमोल सरांचा निरोप. एक कंपनी अख्ख्या वर्षाचा खर्च उचलेल म्हणते. रविवारी सकाळी पोरांचा खेळ बघायला येणार. सर म्हणाले, आजी, तोवर तुम्ही घरी आराम करा. किती काळजी!

२४ जानेवारी, शनिवार, रात्री
हळदीकुंकू झालं. नाव सुनेचं, कारभार माझा. चाळीसेक बायका. लोक वाणाला गाळण्या वाटतात, प्लॅस्टिकचे डबे वाटतात. मला फंडाची आठवण राहील असं काही हवं होतं. सरांनी उद्याच्या खेळासाठी आमच्या बाल्कनीत ठेवलेले दोन बादल्या चेंडू होते. पुसले, हळदीकुंकू लावलं, एकेकीच्या हातावर दोन-दोन ठेवले. शेजारी डोनेशनचं ताट. ताटात जमलं ते: तिळगूळ.
संध्याकाळी तेजल आली. बाल्कनीत गेली, परत आली. आजी, उद्या आम्ही मारायचं काय, म्हणाली. म्हटलं, खेळाडू हातावरून ओळखतात, चेंडूवरून नाही. ती म्हणाली, मी घरोघरी जाऊन मागून आणते, देतील गं त्या. हर्षालीसुद्धा चपला घालायला लागली. मग मी दारातच पाट टाकून बसले. दिलेलं वाण परत मागायचं? आपल्या घराचं नाव राहील का? फंड मागणं वेगळं.
तेजल पाया पडली. मी आशीर्वाद दिला.

२५ जानेवारी, रविवार
कॉटखाली तीन चेंडू सापडले. नऊ पोरांना पुष्कळ झाले. मैदानावर कंपनीचे साहेब आणि एक मॅडम आले. तेजलचा नंबर शेवटचा. तोवर तिन्ही चेंडू झुडपात गेले होते. पोरगी हवेतच काठी फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा. साहेबांनी सरांना विचारलं, दोन वर्षांत एवढीच तयारी? सर माझ्याकडे बघत होते. माझाच आधार वाटला असणार.
म्हणून पुढे झाले. मॅडमना म्हटलं, केस एवढे बारीक कापलेत, तेलाचे पैसे वाचत असतील. तेच द्या पोरांना. मॅडम तडक गाडीकडे गेल्या. चेकबुक गाडीत असावं.

२७ जानेवारी, मंगळवार
कंपनीने पैसे देवळ्याकडच्या पोरांच्या कबड्डीला दिले. सरांनी मार्चची वाट बघितली नाही. कॅम्प कालच बंद. हर्षाली विचारते, हे लिहायचं का? लिही. मी कुठे घाबरते?
तेजल शनिवारपासून माझ्याशी बोलत नव्हती. आज आपणहून आली. तिची काठी माझ्या हातात दिली. आजी, तुला ठेव, म्हणाली. चालायला होईल. मला आता लागणार नाही.
जीव आहे पोरीचा माझ्यावर.
दुपारी ती काठी घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले. पोरांच्या मापाची आहे. टेकवायची तर वाकावं लागतं.