अण्णांचं टेबल गालिच्यावर हलतं

३ नोव्हें. २००३, घोडेगाव
पुण्याहून भाऊजींनी टेम्पोतून गालिचा पाठवला. त्यांच्या ऑफिसातला जुना, पण बोटभर जाड, खाली स्पंज. अण्णा पडले तर फरशीवर डोकं आपटायला नको म्हणून. मोठ्या दिरांना वडिलांची काळजी आहे, चांगलंच. आधी फोन करून विचारलं असतं तर बोटं झडली नसती.
यांनी आणि शेजारच्या महादूने टेबल उचलून खाली अंथरला. कचेरीबाहेर बसून अण्णांनी ज्यावर जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले ते सागवानी धूड. अर्धांगानंतर रोज तेच धरून उभे राहतात. डॉ. म्हणाले, उभं राहणं सुटलं तर माणूस खाटेचा होतो.

४ नोव्हें.
टेबल डुलतंय! अण्णांनी हात टेकला, तसेच खाली बसले. "हालतंय गं हे. काल न्हाई हालत व्हतं."
पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या, त्या रुतल्या. गालिचा काढू म्हटलं तर हे म्हणतात, "दादा रविवारी येणारे, त्याला काय वाटेल?" दादाला काय वाटेल ते बघा. दिवाळीची सुट्टी संपली की मी दिवसभर अवसरीच्या शाळेत, हे डेअरीवर, सासूबाई राहिल्या नाहीत. अण्णा एकटे आणि हे डुलणारं टेबल.

६ नोव्हें.
ठरलं, टेबल खिडकीपासून खाटेजवळ, भिंतीला लावायचं. टेकू मिळेल. पण ढकललं की गालिचाच गोळा होऊन पुढे येतो. खण काढले, तरी नाही. महादू म्हणाला, "वहिनी, युरियाच्या रिकाम्या गोण्या द्या. आमी धान्याची कोठी तशीच सरकिवतो." चार पायांखाली चार गोण्या. सरकलं की सुळकन! खुशीत सगळ्यांना चहा केला.
तेवढ्यात यांचे मामा दारात. पावण्यांना ओझरला दर्शनाला न्यायलाच हवं. हे म्हणाले, "जाऊन आलो की काढू गोण्या."

७ नोव्हें.
पडले.
मी गॅसपाशी होते. अण्णांनी उठताना भार टाकला आणि टेबल भिंतीच्या कडेने पुढे निघून गेलं. गोण्या तशाच होत्या. काल रात्री सगळे दमून झोपलो.
लागलं नाही. गालिच्यानेच वाचवलं, हेही लिहायला हवं, राग आला तरी.
दुपारी एवढंच म्हणाले, "तुमी मला फशिवलं."

८ नोव्हें.
गोण्या फेकल्या. गोठ्याच्या मोडक्या दाराची फळी आणली. चारही पाय तिच्यावर, म्हणजे रुतणार नाहीत. फळी भिंतीला भिडवली. मग पदर खोचून मी स्वतः टेबलावर चढले आणि उड्या मारल्या. सासऱ्यांसमोर! हसतील वाटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

९ नोव्हें.
भाऊजी आले. टेबल गदागदा हलवून बघितलं, "एकदम पक्कं आहे." अण्णा उठले नाहीत. "आराम करू दे त्यांना," म्हणे. आराम! मला ओरडावंसं वाटलं. जेवायला वाढलं.

१२ नोव्हें.
नाही.

१४ नोव्हें.
आजही उठले नाहीत. पाय बारीक दिसायला लागलेत, की माझ्या मनाचे खेळ? यांना सांगितलं तर "वेळ दे." वेळ कुठून आणू?

१६ नोव्हें.
दुपारी अण्णा खाटेच्या कडेला सरकले. हात पुढे केला, मागे घेतला. मी पलीकडून टेबल दोन्ही हातांनी गच्च धरलं. "धरलंय मी, अण्णा. या."
"तू साळंत गेल्याव कोण धरणार?"
तरी त्यांनी हात टेकला. अर्धे उठले. त्या वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "सोड."
"नको ना अण्णा."
"सोड म्हणतो. तुझ्याबिगर ऱ्हातंय का बघू दे मला."
टेबल हलत नव्हतं. मला माहीत होतं, हलणार नाही. तरी हात सुटेनात माझे. ते बघत राहिले माझ्याकडे, मग हळूहळू परत बसले.
उद्या शाळा आहे.