बाजरीचं कॉलेज मेथीचं झालं

प्रिय एंजल,

तुला आजीचा सलाम. तुझ्या कपाळावर एक मुका, दोन्ही गालांवर एकेक, नि लहानपणी उंबऱ्यावर पडून हनुवटीला खूण झाली तिच्यावर एक.

पत्र बघून हसशील. म्हणशील, फोन असताना म्हातारीला हे काय सुचलं. पण बाळ, घरात चालणारा फोन एकच, तो तुझ्या पप्पाचा. आणि शमुवेल फोन घेतो तो आख्ख्या आळीला ऐकू जाईल असाच. तुझं नि माझं बोलणं त्याच्यातून जाण्यासारखं नाही. म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं जे काही आलं ते रविवारच्या शाळेत पोरांना गाणी शिकवता शिकवता आलं. वेलांट्या चुकल्या तर पाठ फिरवून हस, म्हणजे मला दिसणार नाही.

आधी खुशीचं लिहिते. जूनमध्ये तू सांगितलंस, आजी, आमच्या विद्यापीठानं सेमिस्टर बंद केलं, आता लहान लहान टर्म. भरभर शिकवायचं, लगेच परीक्षा घ्यायची, चार दिवस सुट्टी, की पुढची टर्म सुरू. मी विचारलं, म्हणजे तू जास्त वेळा घरी येणार? तू म्हणालीस, येईन, पण पाहुण्यासारखी येईन. त्यातलं मी 'येईन' तेवढं घेतलं नि उठलेच. गुडघा दुखतो हेसुद्धा विसरले. शेजारच्या रतनबाईला जाऊन सांगितलं, आमच्या एंजलच्या कॉलेजात पूर्वी बाजरीसारखं होतं, एकदा पेरलं की थेट कणसालाच बघायचं. आता मेथीसारखं केलंय, पेरली की आली, पेरली की आली. रतनबाई तुला माहीतच आहे, तोंडात तंबाखू नि जिभेला धार. म्हणाली, "मालनबाई, नात हाय का जुडी हाय? सारखी कापायला निघालीस!" मी म्हटलं, जळ तू. इतकी खुशी मला तुझा पप्पा नोकरीला लागला तेव्हा झाली होती, त्यानंतर आत्ताच.

आणि तू आलीसही. गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यात. पाठीवर ती बॅग, बॅगेत तुझ्या अभ्यासाचे दगड. कंडक्टरनं विचारलं होतं ना, ताई सोनं नेताय का, म्हणून? ते तू सांगितलंस तेव्हा तुझी आई किती दिवसांनी हसली. भाकरी अर्धी टाकून तू मला मागच्या विहिरीवर नेलंस. ती हातोडी काढलीस, एका बाजूनं चौकोनी, दुसऱ्या बाजूनं बगळ्याच्या चोचीसारखी. शमुवेलनं ती नगरात दुकानं पालथी घालून आणली होती. एकानं त्याला विचारलं, गवंड्याची पाहिजे का लोहाराची? हा ताठ उभा राहून म्हणाला, माझ्या पोरीची पाहिजे. दुकानदार बघतच राहिला म्हणे.

तर तू विहिरीच्या कडेचा काळा दगड फोडलास नि आतले पांढरे खडे मला दाखवलेस, खडीसाखरेसारखे. थर कसे बसतात, पाणी कुठल्या थरात थांबतं, हे सांगत होतीस. मला त्यातलं पावशेर कळलं. पण तुझ्या आजोबांनी पाणाड्या आणला होता ते मला आठवत होतं. तळहातावर नारळ आडवा धरून तो माळभर फिरला, नारळ उभा राहिला तिथं आम्ही हीच विहीर खणली, आणि खाली निघाला तो नुसता कोरडा दगड. आजोबा त्या खड्ड्याकडे पाठ करून जेवायला बसायचे, शेवटपर्यंत. मी तुला विचारलं, मग पाणी होतं कुठं? तू हातोडी गुडघ्यावर ठेवून म्हणालीस, "आजी, आत्ता नाही सांगता येणार. ते पुढच्या वर्षी शिकवणार आहेत." ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलंय.

तू गेलीस त्याच्या रविवारी देवळात उपकारस्तुतीला, देवाचे आभार मानायला, शमुवेल उभा राहिला. एरवी तो मागच्या बाकावर बसतो, बोलत नाही. त्या दिवशी टोपी छातीशी धरून म्हणाला, देवाची स्तुती असो, माझ्या मुलीच्या विद्यापीठानं टर्म लहान केल्या, तिचं शिक्षण आता नाताळापर्यंत उरकेल, पोरगी लवकर पायावर उभी राहील. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हटलं. टर्म लहान म्हणजे शिक्षण लहान, मलाही तसंच वाटलं. कोणालाच काही खटकलं नाही गं. पाळकसाहेबांनी तर वरून तुझ्यासाठी प्रार्थना केली.

मग हंगामाचा सण आला. तुझा चुकला, परीक्षा होती. यंदा पाऊस असा तसाच, देवळापुढं मांडलेल्या बाजरीच्या पेंढ्या उंदरांनी खाल्ल्यासारख्या. पण आमच्या परसातल्या भोपळ्याच्या वेलाला डांगर मोठं आलं होतं, ते शमुवेलनं उचलून वेदीपुढं ठेवलं. मग वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात त्याला वाटलं आपलंच डांगर आपणच सोडवावं. आणि समोरून बोली चढवायला लागला बन्सी, तो सोनईचा. त्याचा लेक सॅमसन सुप्याच्या कंपनीत आहे, आपल्याच देवळात येतो, त्याच्याकडे बन्सी सणाला आला होता. हा वाढवतो, तो वाढवतो, पोरं टाळ्या पिटतात. रतनबाई देवळाच्या फाटकातून ओरडली, "डांगर घेताय का जमीन?" शेवटी बन्सीनं हात जोडले, म्हणाला, डांगर तुमचं, लेक आम्हाला द्या. लोक हसले. शमुवेलही हसला. घरी येताना डांगर खांद्यावर होतं, ते त्यानं वाटेत उतरवलं नि मलाच विचारलं, "आई, काय वाईट हाय?" मी म्हटलं, काही वाईट नाही. आणि खरंच नाही. सॅमसन शांत पोरगा आहे, माझा हात धरून पायरी उतरवतो.

त्याच आठवड्यात तुला फोन लावला. आम्ही सगळे भोवती बसलेलो. शमुवेलनं स्थळाचं सांगितलं. तुझ्याकडून पानं उलटल्याचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "पप्पा, उद्या पेपर आहे, परवा दुसरा आहे. तुम्ही बघा ना काय ते." आणि फोन ठेवलास. शमुवेलनं फोन खिशात घातला नि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही तू साखर वाटायला सांगितलंस. शिक्षण नाताळाला उरकतंय, मग लग्नही लगेच, असं त्यानं धरलं. दर खेपेला लावावा तर तुझी परीक्षाच. पूर्वी निदान मधले दोन महिने पोरगी निवांत असायची, बोलायची.

नंतर तू आलीस ती नोव्हेंबरात. बन्सीकडची माणसं बघून गेली, तू चहा नेऊन दिलास. ती गेल्यावर शमुवेल अंगणात आंघोळीचं पाणी काढत होता, तू जवळ जाऊन सांगितलंस, पप्पा, टर्म लहान झाल्यात, वर्षं नाही. डिग्री पुढचं वर्ष सरल्यावरच मिळणार. मी उंबऱ्यात लसूण सोलत होते. तो बादली हातात धरून उभाच राहिला. पाणी पायावर सांडत होतं तरी त्याला कळेना. मग म्हणाला, "आता मी देवळात बोललोय, नाताळापर्यंत उरकेल म्हणून." एवढंच. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, तू भांडली असतीस.

त्या दिवसापासून तुझी आई बोलत नाही, नुसती भांडी आपटते. शमुवेल म्हणतो, त्यांनी कबूल केलंय, लग्नानंतर शिकू देऊ म्हणून. मी त्याला मेथीचंच सांगितलं. म्हटलं, लेका, बाजरीला पंधरा दिवस पाणी नाही मिळालं तर ती तग धरते. मेथीचं चार दिवस पाणी चुकलं तर वाफा गेला. एंजल म्हणाली होती, आता आठवडाभर गैरहजर राहिलं तर टर्मच जाते. लग्न, हळद, पाहुणे, सासर, कुठल्या आठवड्यात बसवणार तू? तो म्हणाला, "आई, तुला मेथीतलं कळतं, कॉलेजातलं न्हाई." आणि उठून गेला. पायात चप्पल घालायची राहिली.

तुझ्याबद्दल लिहायचं ते आता लिहिते. त्या खेपेला तू विहिरीवर गेली नाहीस. दगड आणले नव्हतेस, न्यायचेही नव्हतेस. झोपलीस, उठलीस, जेवलीस. कालवणात मीठ पडलं नव्हतं, तू ते तसंच खाल्लंस नि काही बोलली नाहीस. ताटापाशी बसून एकदाच माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आजी, पप्पा देवळात बोलून बसलेत गं." मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते? तू एसटीत बसलीस, काच वर केलीस, हसलीस. ते हसू मला ओळखू आलं नाही.

नाताळाची साडी काढायला म्हणून परवा पेटी उघडली. साडीच्या घडीत काहीतरी जड लागलं. तुझी हातोडी. तुझ्या पिवळ्या ओढणीत गुंडाळलेली, वर गाठ. विसरलेली वस्तू कोणी गाठ मारून ठेवत नाही. मी ती मांडीवर घेऊन पेटीपाशीच बसून राहिले. तुझी आई दारात आली, तिनं पाहिलं, तोंडाला पदर लावून परत गेली. लग्न होऊन जाणारी पोर आपल्या बाहुल्या ठेवून जाते, ते मी पाहिलंय. हातोडी ठेवून गेलेली पहिलीच.

थंडी यंदा लवकर पडली. रान सगळं करडं झालंय, मागच्या विहिरीत कबुतरं राहतात. शमुवेल रोज कामावरून येऊन मंडपवाल्याशी बोलतो, मग भिंतीकडे तोंड करून पडतो. तोही सुखात नाही, बाळ. त्याच्यावर राग धरू नकोस. तो कधी नव्हे तो चार माणसांत आनंदानं बोलला, आणि तेच त्याच्या गळ्यात अडकलंय. ना गिळता येतं, ना थुंकता. घरात बोलून ते सुटणार नाही हे मला कळलं. देवळात दिलेला शब्द देवळातच परत घ्यावा लागतो.

म्हणून हे पत्र. तुला माहीत आहे, आपल्यात लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब नावं पुकारतात आणि मंडळीला विचारतात, ह्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी. पहिला पुकार झाला. परवा दुसरा झाला. तुझं नाव ऐकताना मी बाक घट्ट धरून बसले होते. इतकी वर्षं झाली, त्या प्रश्नाला कोणी उठलेलं मी पाहिलं नाही, लोक तेवढ्यात खोकून घेतात. येत्या रविवारी तिसरा पुकार आहे आणि मी उठणार आहे. सॅमसनवर डाग नाही, शमुवेलवर नाही, हे आधी सांगेन, मग सांगेन की पोरीचं शिक्षण व्हायचंय, तिला कोणी नीट विचारलंच नाही, आणि टर्म लहान झाल्याचं आमेन आपण सगळ्यांनीच चुकीचं म्हटलं, त्यात मीही होते. पुढं काय होईल ते मला दिसतंय. शमुवेल माझ्याशी बोलायचा नाही, किती दिवस ते देवालाच माहीत. बन्सीकडचे आपल्या दारात येणार नाहीत. नाताळाला माझ्या शेजारचा बाक रिकामा राहील. राहू दे. दीनाबाई, आपल्या रविवारच्या शाळेतली, उद्या तुझ्या पुण्याला लेकाकडे चालली आहे, तिच्या हाती हे पत्र नि हातोडी देते. ओढणी मी ठेवून घेतली, हातोडीला जुनं फडकं बांधलंय. दीनाबाई शनिवारी परत येईल. तुझ्या मनात सॅमसन खरंच असेल तर तिच्याकडे तसा निरोप दे, मी मुकाट बसेन, तुझ्या लग्नात गाणंही म्हणेन. आणि नसेल तर काहीच कळवू नकोस, तुझा पेपर लिही. तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ एकदा शमुवेलनं लावला, आता मी लावते. आणि पुढच्या वर्षी ते पाण्याचं शिकवतील ते नीट लक्ष देऊन ऐक. ती विहीर कुठं खणायला पाहिजे होती, ते मला मरायच्या आधी कळायला पाहिजे.

तुझीच,
मालनआजी