एक्केचाळीस नंबरचा प्लॉट

३ फेब्रुवारी
माणिकबाई भाजी घेऊन आली ती अकराला! मेथीनं पार माना टाकलेल्या. बिचारी राहते आमच्या मागच्याच ले-आउटमध्ये — परसातून हाक मारली तर ओ देईल. पण आमचा रस्ता आमच्याच घरापाशी संपतो. आजूबाजूला रिकामे प्लॉट होते तोवर ती आडवी यायची. आता सगळीकडे घरं. म्हणून डोक्यावर टोपलं घेऊन बायपासनं तीन किलोमीटरचा वळसा. अमरावती वाढली म्हणे!

६ फेब्रुवारी
आमच्या फाटकाशी टोपलं उतरवलं की तिचं रोजचंच सुरू होतं — "ज्यानं ह्या कॉलनीचा नकाशा काढला ना, त्याले एकडाव हे टोपलं घेऊन फिरवा!" माझी बायको माया खो खो हसली. मी कोथिंबिरीची जुडी घेऊन आत आलो.

१० फेब्रुवारी
बायपासवर ट्रकनं हूल दिली. माणिकबाई पडली. मनगट मोडलं. रस्त्याच्या अंगाला पडली असती तर — नको.

११ फेब्रुवारी
नकाशा मीच काढला होता. अठरा वर्षं झाली. तेव्हा नकाशांवरच माझं पोट होतं. पहिल्या नकाशात रस्ता सरळ मागे जात होता. ले-आउटचा मालक म्हणाला, "रस्ता इथंच तोडा, एक प्लॉट जास्त निघते. तो तुमाले स्वस्तात." एका रेघेचं काम! तो एक्केचाळीस नंबर. त्यावरच हे घर. मायालाही कधी बोललो नाही. लाज वाटते.

१२ फेब्रुवारी
मायाला सांगितलं. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "आता नुसते बसून काय रायले? बोलवा गवंड्याले!"

२० फेब्रुवारी
मागची भिंत चार फूट पाडली. घराच्या बाजूनं आरपार वाट. माझी पपई गेली. शेजारचे खुशालराव म्हणतात, "चोर येतीन." येऊ देत! सकाळपासून शाळेची पोरंच येताहेत.

२ मार्च
माणिकबाई साडेसातला हजर — नव्या वाटेनं! हाताला प्लॅस्टर, टोपलं सुनेच्या डोक्यावर. धीर करून सांगून टाकलं, नकाशा माझा.

"माहीत हाय जी," म्हणाली. "आमचंच वावर होतं हे. तुमीच तर टेप धरून आले होते. मंग मी रोज तुमच्याच फाटकापाशी काहून बोंबलत होती?"