मिक्स होत नाही

११ जाने. १९९६
मानसीचं प्रगतिपुस्तक आलं. गणित यथातथाच, पण बाईंनी खाली इंग्रजीत लिहिलंय, 'मिक्सेस वेल'. म्हणजे सगळ्यांत मिळून-मिसळून असते. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "म्हणजे वर्गात गप्पा मारते." तुर्भ्याच्या कंपनीत मशीनशी बोलून बोलून माणूस असाच होतो. मला मात्र शब्द फार आवडला. महिला मंडळात दोनदा वापरून झाला. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या मिक्स होतात, एक समोरची वैशाली सोडली तर.

१३ जाने.
दुपारी वैशालीच्या चौकशीला मुलाकडची माणसं. मुलाचा मामा आणि आत्या, उरणकडचे कोळी. आधी वॉचमनला विचारलं, मग शेजार म्हणून माझी बेल. चहा केला. खूप चांगलं सांगितलं. पोरगी गुणी, वाशीला ऑफिसात जाते, आई दिवाळे गावच्या बंदरावरून मासळी आणून विकते तर रविवारी तिच्याबरोबर बसते, लाज नाही. मग वाटलं, नुसतं कौतुक केलं तर खोटं वाटेल. चौकशीत एखादं बारीकसं उणं सांगावं, म्हणजे बाकीचं खरं धरतात. आमच्या साताऱ्याला असंच करतात. म्हटलं, "फक्त फारशी मिक्स होत नाही."
मामा म्हणाला, "मिक्स होत नाय?" आत्याने कप खाली ठेवला. "आमचं घर मोठं हाय, बाय. बोटीवरची मानसं पन आमच्याकडंच जेवतात."
मी लगेच म्हटलं, तसं नाही हो, स्वभावाने शांत आहे. पण ती दोघं उठलीच.

१६ जाने.
नकार आला. वैशालीची आई, हिराबाई, सांगायला आल्या, हातात माझ्यासाठी सोललेली कोळंबी. "पोरगी मानसात बसत नाय म्हनं. कोनी सांगितलं असंल ओ?"
मी म्हटलं, "लोकांना काय, जिभेला हाड नसतं."
हे मी म्हटलं. मी. वैशालीला मुलगा पसंत होता म्हणे. कधी नव्हे ते आईजवळ बोलली होती.
कोळंबीचं कालवण केलं. हे बोटं चाटत म्हणाले, "शेजारीण असावी तर अशी." मी माझी वाटी ह्यांच्या पानात ओतली.

१८ जाने.
काल काहीच लिहिलं नाही. मनाशी वाद घालतेय. खोटं कुठे सांगितलं? येतेच कुठे ती कुणाकडे? भिशीला नाही, सहलीला नाही. गेल्या वर्षी ते लोक नवीन आले तेव्हा चार-सहा वेळा माझ्याकडे येऊन बसली होती, मग बंद. आजकालच्या मुलींना

२१ जाने.
मंडळाचं हळदीकुंकू माझ्याकडे. हॉल गच्च. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. हिराबाई नऊवारीत, अबोलीचा गजरा, सगळ्यांत जास्त हसत होत्या. बाजार आटपून वैशाली आईला न्यायला आली, दारातच उभी. मी म्हटलं, "अगं आत ये." आणि बोलता बोलता माझा हात देव्हाऱ्याकडे गेला. काडेपेटीकडे.
उदबत्ती. मासळीचा वास येऊ नये म्हणून. गेल्या वर्षी ती येऊन बसली की मी हेच करत होते, न चुकता. मला वाटायचं तिला काय कळतंय.
तिने माझ्या हाताकडे बघितलं. म्हणाली, "नको काकू, मी आत्ताच बाजारातून आलेय." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
ती मिक्स होत नाही कारण मी होऊ दिलं नाही. वर तेच तिचं उणं म्हणून सांगून मोकळी झाले. देवा, मला माफ कर, असं लिहायलाही तोंड नाही.

२३ जाने.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आता सांगून काय, स्थळ परत येणार आहे? गप्प बस." दहा मिनिटांनी स्वतःच, "नाहीतर जाऊन सांग."
जिन्यात हिराबाई भेटल्या. नवीन स्थळ बघतायत. "चौकशीला येतील त्यांना तुमच्याकडंच धाडते. तुमी वळकता आमाला."

२७ जाने.
आज संध्याकाळी समोर गेले. हिराबाई आंघोळीला, वैशालीने दार उघडलं. बसायच्या आधीच म्हटलं, "ते उरणचे लोक आले होते ना, तेव्हा मी त्यांना—"
"माहितेय काकू. मुलाच्या मामांनी फोनवर नकार देताना मला तोच शब्द सांगितला. मिक्स. आमच्यात असं कोण बोलतं?" मग हळूच, "आईला नाही सांगितलं मी. बिल्डिंगमध्ये ती फक्त तुमच्याकडे येते. तिला आवडतं."
मला रडू आलं. माफी मागितली, उदबत्तीचीसुद्धा. तिने उठून पंखा लावला.
हिराबाई ओले केस पुसत आल्या. "काय चाललंय दोघींचं?" वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काही नाही, सहज आले."
हिराबाईंनी चहा दिला. मनात ठरवलं, कप संपायच्या आत सांगायचं. संपत आला तशा हिराबाईंनी परत भरला.
वैशाली रोज ऑफिसला जाते. दुपारी विक्री आटपून त्या घरी एकट्याच असतात. सोमवारी जाऊन