कोवलमच्या वाळूवरचे दिवे

तांबरम, चेन्नई
१८ जानेवारी २००७

प्रिय इरास,

तुला एक आजी आहे, तांबरमला असते, बरी आहे. पुण्याला गेल्यापासून तू इतकं विसरतेस, म्हणून मुळापासून सांगितलेलं बरं. लिहून घेतेय अर्चनाकाकू. मला अक्षर येत नाही, पण बोलताना माझं अडत नाही, हे ती मान हलवून कबूल करतेय.

तुझा दिनकरकाका रिटायर झाल्यापासून मला फोडणी कशी द्यावी ते शिकवतो. बाकी ठीक. तुझ्या होणाऱ्या सासूबाई, विद्युलताबाई, संक्रांतीला येऊन गेल्या. मार्चमध्ये आपल्या चेन्नईजवळच्या कोवलमच्या वाळूवर संध्याकाळी रिसेप्शन, माडामाडांवर दिवे, समुद्रावर मोठाले झोत, ही सगळी तुझी हौस म्हणाल्या. शार्दूल बिचारा हो म्हणतो. त्याला आतापासूनच सवय लागलीय.

तू सात वर्षांची असताना ह्यांनी आपल्याला पहाटेच्या बसने त्याच वाळूवर नेलं होतं. कासवाची पिल्लं वर आली, बिस्किटाएवढी, आणि समुद्र सोडून चहावाल्याच्या कंदिलाकडे निघाली. जिकडे उजेड तिकडे समुद्र, एवढंच त्यांना ठाऊक. तू कंदिलापुढे फ्रॉक पसरून बसलीस. चहावाला तमिळमध्ये ओरडत होता, तू मराठीत. शेवटी त्यानेच कंदील मालवला. पिल्लं वळली. परतताना बसमध्ये हे तुझ्या डोक्यावर हात ठेवून बसले.

कासवं अजून येतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. दिनकर परवा तिथे जाऊन विचारून आला. आत्ताची अंडी नेमकी तुझ्या लग्नाच्या सुमारास फुटतील.

म्हणून हे पत्र. आपल्यात लग्न सकाळचं आणि पंगत दुपारची. संध्याकाळचं रिसेप्शन आपण इथे येऊन उचललं. गुरुजींनी सकाळचा मुहूर्त काढून दिलाय. जेवण दुपारी मांडवात, दिवेलागणीच्या आत सगळे घरी. विद्युलताबाई तयार आहेत, तुझे आईबाबा म्हणतात इरा म्हणेल तसं, आणि पत्रिका छापायच्या थांबल्यात. अडलंय ते तुझ्यापाशी. दिवे लावायचेच असतील तर लाव, माझा आशीर्वाद पोस्टाने येईल. रागावले नाही गं, मला ते बघवणार नाही एवढंच.

हो म्हणणार असलीस तर रुखवतासाठी तुझ्या आईच्या हातच्या गव्हाच्या कुरडया पाठव. डबा नीट बांध, मागच्या खेपेला भुगा पोचला.

तुझीच,
तांबरमची आजी